दिवसाआड, जेवणानंतर

आमच्या घराला लागूनच पिठाची गिरणी होती, त्यामुळे आमच्याकडे दुपारपर्यंत सगळ्यांचेच केस पांढरे व्हायचे. तीर्थपुरीत तेव्हा गिरण्या दोनच, एक बाजाराकडे आणि दुसरी आमची. अण्णांच्या वाटणीला वावर थोडं आलं, ते बटईनं देऊन त्यांनी गिरणी टाकली, असं मी पुढं ऐकलं; माझ्या आठवणीत मात्र ती कायमचीच आहे. सकाळी इंजिनाचा पट्टा चढला की घराची भिंत बारीक थरथरायची, फळीवरची भांडी वाजायला लागायची, आणि माय चुलीपुढून ओरडून बोलायची. संध्याकाळी इंजिन थांबलं तरी तिचा आवाज खाली यायचा नाही. पाहुणे म्हणायचे, तुमच्याकडं भांडण चालूय का. ज्वारीच्या पिठाचा वास गोडसर, गव्हाचा कोरडा, आणि सणाच्या आधी हरभऱ्याची डाळ दळायला आली की दोन दिवस अंथरुणांनासुद्धा बेसनाचा वास यायचा. बायका डबे रांगेत ठेवून आमच्या ओट्यावर टेकायच्या. गावातल्या सगळ्या गोष्टी त्या ओट्यावरून जायच्या, त्यामुळे माझीही गोष्ट गावाला जल्दी कळली.

मी पाचवीत होते. रविवारी माय आम्हा बहिणींना पुढ्यात घेऊन डोक्याला तेल घालायची. आधी मी, मग मंगल, माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी. माझे केस दाट होते, वेणी कमरेपर्यंत यायची, आणि मला त्याचा तोराही होता. त्या रविवारी मायचा हात डाव्या कानामागं थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा तिथंच थांबला.

"नंदे, हितं खाजवती का तू?"

"न्हाई."

"दुखतं?"

"न्हाई गं, कायबी न्हाई."

रुपयाएवढी जागा, तळहातासारखी गुळगुळीत. ओट्यावरच्या बायकांनी वाकून वाकून पाहिली आणि एका सुरात सांगितलं, चाई हाये, झोपेत किड्यानं चाटलं. कुणी कांदा चोळायला सांगितला, कुणी लसूण. एकीनं बिब्बा सांगितला. बिब्ब्याचं तेल कातडीला कसं जाळतं हे मायला ठाऊक होतं, तरी ती तयार झाली, कारण जळल्याशिवाय गुण येत नाही अशी तिची समजूत. फोड आले, फुटले, खपली धरली. खपली पडली तेव्हा खाली तीच गुळगुळीत जागा, आणि शेजारी आणखी दोन. त्यानंतर मोजायचं सोडून दिलं. केस फणीत यायचे, उशीवर असायचे, ताटात दिसायचे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला मायनं पाणी ओतलं आणि उरलेली वेणी तिच्या हातात आली, तरी ती नुसतं पाणी ओतत राहिली. पुढं भुवया गेल्या आणि सगळ्यांत शेवटी पापण्यांचे केस. पापण्यांच्या केसांचं काम काय असतं ते मला तेव्हा कळलं. गिरणीतलं पीठ सरळ डोळ्यांत जायचं, डोळे चिकट व्हायचे, सकाळी मायला ते ओल्या फडक्यानं उघडावे लागायचे. मला गिरणीत जायची बंदी झाली. केसांपेक्षा मला त्या बंदीचं जास्त वाईट वाटलं, असं आज वाटतं. पण पन्नाशी उलटल्यावर माणूस आपल्या लहानपणाला शहाणं करून ठेवतं, म्हणून यावर फार भरवसा ठेवू नये.

पहिल्यांदा परगावच्या एका गिऱ्हाइकानं अण्णांना विचारलं, "पोरीला तिरुपतीला नेलं होतं का?" अण्णा पटकन म्हणाले, "हां, नवस होता." ती सुटका त्यांना इतकी आवडली की पुढं ते सगळ्यांना तेच सांगायला लागले. नवस कशाचा, कुणी केला, सगळं ठरून गेलं. तीन-चार महिन्यांनी तेच गिऱ्हाईक पुन्हा आलं आणि म्हणालं, "अजून उगवले न्हाईत?" अण्णांनी त्याचं धान्य एकदा दळलेलंच पुन्हा जात्यात ओतलं. शाळेत मी डोक्याला रुमाल बांधून जायचे. मुलं टकली म्हणायची, मुली म्हणत नव्हत्या, पण डबा खाताना जरा लांब सरकायच्या, कारण चाई लागते असं त्यांच्या घरी सांगितलेलं होतं. मंगल मात्र माझ्या जवळच बसायची. एकदा कुणी रुमाल ओढला तर ती त्याच्या हाताला चावली होती.

शाळेतल्या गुरुजींनी अण्णांना औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. अंबडला गाडी बदलून आम्ही गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पुण्याकडच्या असाव्यात, बोलणं अगदी पुस्तकातलं. त्यांनी माझं डोकं उजेडाला धरून पाहिलं, नखं पाहिली, नखांवर बारीक खड्डे होते ते अण्णांना दाखवले. म्हणाल्या, "किडा वगैरे काही नाही. हा संसर्गही नाही, कुणाला लागत नाही. शरीरात रोगाशी लढणारी जी ताकद असते, ती चुकून हिच्याच केसांच्या मुळांवर उठलीय."

अण्णांनी थोडा विचार केला. "म्हंजी आपलेच गडी आपलंच वावर मोडून राह्यले."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या आणि हसल्या. मग हसू आवरून त्यांनी समजावलं. थोडी चाई असती तर नुसतं लावायचं औषध दिलं असतं. इतकं सगळं गेल्यावर पोटातून औषध देऊन पाहावं लागतं. हे औषध त्या ताकदीला जरा दाबून धरतं. केस येतील, कदाचित. औषध थांबवल्यावर टिकतील याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. सुरुवातीला रोज, मग दिवसाआड, नेहमी जेवणानंतर, मीठ कमी, दर महिन्याला येऊन दाखवायचं, आणि त्यांना विचारल्याशिवाय गोळी वाढवायची नाही, कमी करायची नाही, एकदम तर बिलकुल बंद करायची नाही. अण्णा प्रत्येक वाक्याला "बराबर" म्हणत होते. परतीच्या गाडीत मी त्यांना विचारलं, "कदाचित म्हंजी काय?" ते म्हणाले, "म्हंजी येतील."

गोळ्या पांढऱ्या, बारीक, आणि जिभेला लागल्या तर फार कडू. अण्णा स्वतः द्यायचे. सकाळी माझी भाकरी खाऊन झाली की, गिरणी सुरू करायच्या आधी, हातपाय धुऊन, तांब्या घेऊन समोर बसायचे आणि मी गिळेपर्यंत उठायचे नाहीत. मायनं मीठ कमी करण्याऐवजी बंदच करून टाकलं. माझं वरण वेगळ्या भांड्यात, माझं पिठलं वेगळं. अळणी पिठलं ज्यानं खाल्लं नाही त्याला ते सांगून कळणार नाही. ठेचा तर माझ्यासमोर यायचाच नाही. मंगल तो चुलीमागं बसून खायची आणि हात धुऊन बाहेर यायची. पण औषधानं भूक मात्र अशी लागायची की तीच अळणी भाकरी मी चार-चार खायचे आणि पाचवीसाठी रडायचे. बारीकसारीक गोष्टीचा राग यायचा. गाल वर आले, चेहरा गोल झाला. ओट्यावरच्या बायका म्हणाल्या, पोरगी बाळसं धरून राह्यली, औषध मानवलं.

आणि औषध खरंच मानवलं. तिसरा महिना संपत आला असेल, मी दारात उभी होते, अण्णा गिरणीतून आले आणि माझ्याकडं पाहून म्हणाले, "पुन्हा गिरणीत गेल्ती का? डोक्याला पीठ लागलंय." त्यांनी पंच्यानं माझं डोकं पुसलं. पीठ निघालं नाही. त्यांनी पुन्हा पुसलं, मग बोटानं चाचपलं, मग मला उन्हात ओढून नेलं. पांढरी, बारीक, कणसावरच्या लवीसारखी लव होती. अण्णांनी मायला हाक मारली, पण इंजिन चालू होतं, तिला ऐकू गेलं नाही; तेव्हा त्यांनी जाऊन इंजिनच बंद केलं. भर दुपारी गिरणी बंद पडलेली पाहून ओट्यावरच्या बायका घाबरून उठल्या. त्या सगळ्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पुढच्या दोन महिन्यांत ती लव काळी झाली, भुवया आल्या, पापण्या आल्या. मला गिरणीत जायची परवानगी मिळाली. एका डोहाळजेवणात मायनं मला मुद्दाम रुमाल न बांधता नेलं.

डॉक्टरीणबाई खूश झाल्या, पण त्यांनी गोळी कमी करायला सांगितली. दर पंधरा दिवसांनी थोडी कमी, असं कागदावर लिहून दिलं. अण्णांनी एकदा कमी केली, दुसऱ्यांदा कमी केली. तिसऱ्या खेपेला माझ्या उशीवर केस दिसले. फार नव्हते, एका मुठीत मावतील एवढे. अण्णांनी ते उचलले, खिशात घातले, आणि दुसऱ्या दिवसापासून मला पुन्हा पहिल्याइतक्या गोळ्या सुरू झाल्या. केस गळायचे थांबले. त्यानंतर आम्ही औरंगाबादला गेलो नाही. अण्णा म्हणायचे, "बाईला दाखवलं की ती कमी करती. कमी केलं की जातात. मंग कशाला जायचं?" गावातला मेडिकलवाला जुनी चिठ्ठी पाहूनच गोळ्या द्यायचा, पुढं पुढं चिठ्ठीही लागेना. असं वरीसभर चाललं. अण्णांना दोष देताना मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, की त्या वर्षात ते फार आनंदी होते. आणि मीही.

जूनमध्ये शाळेचे कपडे शिवायला माय आम्हा दोघींना शिंप्याकडं घेऊन गेली. शिंपी म्हातारा होता, वहीत प्रत्येक मुलाची मापं लिहून ठेवायचा. त्यानं माझी कंबर मोजली, छाती मोजली, लांबी मोजली, वही पाहिली, पुन्हा लांबी मोजली. "वहिनी," तो म्हणाला, "घेर लई वाढलाय पोरीचा. लांबी मातर मागच्या सालचीच हाये. जराबी वाढली न्हाई." मग त्यानं मंगलला माझ्या शेजारी उभं केलं. मंगल माझ्याहून चार बोटं उंच होती. घरात रोज आम्ही एकत्र वावरत होतो, आणि हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माय शिंप्याच्या दुकानातून निघाली ती माझा हात धरून भराभर चालत आली. घराजवळ आल्यावर तिनं मला विचारलं, "तुला रातची झोप लागती का?" मी म्हटलं, न्हाई. "डोकं दुखतं?" मी म्हटलं, सकाळी दुखतं. ती म्हणाली, "मला सांगितलं का न्हाई मंग?" केस होते, म्हणून सांगितलं नाही.

माय अण्णांशी बोलली. काय बोलली मला माहीत नाही. इंजिन चालू होतं. एवढंच दिसलं की अण्णा मान हलवत होते आणि पट्ट्यावरची नजर काढत नव्हते. चार दिवसांनी तिनं सांगितलं, मी वडीगोद्रीला भावाकडं जाऊन येती, नंदीला संगं नेती. अंबडच्या फाट्याला आम्ही उतरलो, आणि ती मामाच्या गावाकडच्या गाडीत चढलीच नाही; दुसरीच गाडी लागली होती, तिच्यात तिनं मला चढवलं. "माय, ही औरंगाबादची हाये," मी म्हटलं. "म्हाईत हाये मला," ती म्हणाली, पण तिनं कंडक्टरला तीनदा विचारून खात्री केली. पुरुषमाणसाशिवाय ती इतक्या लांब कधी गेलेली नव्हती. तिला पाटी वाचता येत नव्हती. दवाखान्यात ती दरवाजे मोजत मला नेत होती आणि मी पाट्या वाचत होते, आणि दोघी मिळून आम्ही बरोबर जागी पोचलो.

डॉक्टरीणबाईंनी मला लगेच ओळखलं नाही. ओळखलं तेव्हा त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. वजन, उंची, रक्तदाब, सगळं झालं. "या गोळ्या कोण देतंय हिला?"

"हिचे वडील," माय म्हणाली. "गावातूनच आणत्यात. केस जातील म्हणून भ्यालेत ते."

बाई रागावल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "केस आलेत, हे खरं आहे. पण हिची उंची थांबलीय आणि रक्तदाब वाढलाय. या वयात हे पुढं चालू ठेवता येणार नाही. एकदम बंदही करता येत नाही, शरीर आपलं काम विसरलेलं असतं, मुलगी अत्यवस्थ होऊ शकते. उतरवत उतरवत न्यावं लागेल, चार-पाच महिने. आणि केस बहुतेक जातील." मग त्या माझ्याकडं वळल्या. तोपर्यंत इतक्या लोकांनी माझ्या डोक्याविषयी इतकं बोलून घेतलं होतं, पण मला कुणी काही विचारलं नव्हतं. "तुला काय हवंय, सुनंदा?"

माझ्या तोंडून निघालं, "मीठ."

"मीठ?"

मायनं घाबरून सांगितलं की आम्ही मीठ बिलकुल देत नाही, तुम्हीच सांगितलं होतं. बाईंनी कपाळाला हात लावला. "मी कमी म्हटलं होतं हो. बंद नव्हतं म्हटलं." मग त्या हसायला लागल्या, आणि माय पदर तोंडाला लावून रडायला लागली, आणि मी त्या दोघींकडं पाहत बसले.

आम्ही तीर्थपुरीला उतरलो तेव्हा गिरणीचा आवाज येत नव्हता. कुणीतरी आम्हाला औरंगाबादच्या गाडीत पाहिलं होतं. अण्णा ओट्यावर एकटेच बसले होते, भोवती न दळलेले डबे. मायनं कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "वाच." मी उभ्यानं सगळा कागद वाचला. पहिले पंधरा दिवस किती, नंतर किती, शेवटी पाव गोळी दिवसाआड, जेवणानंतर, मग बंद.

"केस जातील ना?" अण्णांनी विचारलं.

"जातील," माय म्हणाली.

"तू घरात असती. लोक काय बोलतात तुला म्हाईत न्हाई. गिरणीत कुणी हळू बोलत न्हाई, मला समदं ऐकू येतं. उद्या तिचं लगीन कसं व्हायचं?"

"ती जगंल तर लगीन व्हईल ना," माय म्हणाली. त्या दिवशी ती ओरडून बोलली नाही. "उंची थांबली तिची. तुमच्या डोळ्यापुढं थांबली. मलाबी दिसली न्हाई, शिंप्याला दिसली."

अण्णा उठले, इंजिनाजवळ गेले, पट्टा हातात धरून उभे राहिले. मग परत आले आणि माझ्या हातातून कागद घेऊन त्यांनी घडी करून टोपीत ठेवला. दुसऱ्या दिवसापासून कागदाप्रमाणे गोळ्या सुरू झाल्या. दाढीच्या ब्लेडनं ते गोळीचे चार भाग करायचे, भुगा पडला तर तोही बोटानं टिपून मला चाटायला द्यायचे. एकही दिवस चुकला नाही, आणि दर महिन्याला औरंगाबादची खेपही चुकली नाही. केस जसे आले तसे गेले, आधी मागचे, मग पुढचे. या खेपेला मी उशीवर केस फारसे पाहिले नाहीत. का, ते मंगलनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. मी जागी व्हायच्या आधी अण्णा येऊन माझी उशी झटकून जायचे.

पापण्या राहिल्या. भुवयाही अर्ध्यामुर्ध्या राहिल्या. उंची पुढच्या दोन वर्षांत बरीच वाढली, पण मंगलला मी गाठू शकले नाही. गाल उतरले, झोप आली. डोक्यावर विशीत आपोआप थोडे केस आले, दोन वर्षं टिकले, गेले. मी डी.एड. केलं, घनसावंगीच्या शाळेत लागले, लग्नही झालं. माझ्या नवऱ्यानं पाहण्याच्या कार्यक्रमातच मला रुमालाविना पाहिलं होतं, तशी माझीच अट होती. आता नव्या गोळ्या निघाल्यात म्हणे, लहान मुलांनाही देतात, गुण येतो. आमच्या शाळेतल्या एका मुलीची आई मला विचारायला आली होती, द्यावी का. मी म्हटलं, ते डॉक्टर सांगतील, मी सांगणारी कोण. फक्त दर महिन्याला दाखवा, आणि पोरीशी बोला.

अण्णा शेवटच्या वर्षी माझ्याकडं घनसावंगीला होते. गिरणी विकली होती, माय गेली होती, त्यांना ऐकू कमी यायचं. एका दुपारी मी त्यांना जेवण वाढत होते, तेव्हा ते एकदम म्हणाले, "नंदे, तुला राग हाये का माझा? त्या गोळ्यांचा?"

मी म्हटलं, "गोळ्यांचा न्हाई अण्णा. मला इचारलं न्हाई, त्याचा हाये."

त्यांना ऐकू गेलं की नाही, मला कळेना. ते भाकरी वरणात कुस्करत राहिले. मग म्हणाले, "मंग आता इचारतो. तुला पाहिजे होते का केस?"

मी खाली बसले, त्यांच्या कानाजवळ तोंड नेलं आणि म्हटलं, "व्हय अण्णा. लई पाहिजे होते."

त्यांनी मान हलवली. घास तोंडात घातला, चावला, गिळला. मग म्हणाले, "मलाबी."